मोंपार्नास स्टेशनवर भेटलेल्या ताईंना

ताई, तुमचं नाव विचारायचंच राहिलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. आठवतंय का, तिकिटाच्या मशीनसमोर मी आणि आई भांडत होतो, माझं कार्ड चालेना आणि ज्या गावचं मोठं जुनं चर्च बघायला निघालो होतो त्याचं नाव 'चार्ट्रेस, चार्ट्रेस' म्हटलं तर कोणालाच कळेना, तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, शार्त्र म्हणा." पॅरिसमध्ये मराठी! आईच्या डोळ्यात पाणीच आलं.

आम्ही खरं तर शनिवारी जाणार होतो पण आधीच्या दिवशी सहज निघालो, आणि तुम्ही ट्रेनमध्ये सांगितलंत की बरं झालं शुक्रवारी आलात, नाहीतर चर्चच्या फरशीवरच्या त्या चक्रव्यूहावर खुर्च्या मांडलेल्या असतात. आईने बूट काढून, पायात मोजे तसेच ठेवून, सगळा फेरा केला. अडीचशे मीटरच्या वर आहे म्हणे तो! गुडघ्याचं नावही काढलं नाही. (हॉटेलवर आल्यावर काढलं, रात्रभर.)

पण खरे आभार त्या कापडासाठी. मी एकटा असतो तर काचेमागचं जुनं कापड बघून पुढे गेलो असतो. तुम्ही आईला समजावलंत, की येशूच्या जन्माच्या वेळी मरियमच्या अंगावर हे होतं अशी श्रद्धा आहे, 876 मध्ये राजाने चर्चला दिलं, 1194 च्या आगीत चर्च जवळजवळ सगळं जळालं, लोकांना वाटलं कापडही गेलं, आणि तिसऱ्या दिवशी तळघरातून ते धड बाहेर आलं, मग लोकांनी परत बांधायला घेतलं. फ्रेंच क्रांतीत त्याचे तुकडे झाले तेही सांगितलंत. आणि बाळंतपणाआधी फ्रान्सच्या राण्यांना इथून सदरे पाठवायचे म्हटल्यावर आई लगेच, "म्हणजे ओटीच्या खणासारखंच की गं!"

तेव्हा बोललो नाही, पण माझ्या बहिणीला सातवा चालू होता आणि डॉक्टरांनी झोपूनच रहा सांगितलं होतं. आई काचेसमोर इतका वेळ का उभी होती ते यामुळे. तुम्ही काही न विचारता तिची पर्स धरून थांबलात.

त्या निळ्या काचा, ते दोन वेगवेगळे मनोरे ("जोडी जमली नाही वाटतं," इति आई), सगळ्याचे फोटो आहेत, तुमचा मात्र एकही नाही.

भाची झाली. दोघी छान आहेत. आणि आईच्या तिकिटाचे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत, ते अजून माझ्याकडे आहेत, आई दर दोन दिवसांनी विचारते, "दिलेस का रे तिचे?" तेव्हा प्लीज, हे वाचलंत तर मेसेज करा.