शिक्षा एकत्र की एकामागून एक?

महोदय,

नागपूर रेल्वे स्थानकावर गांजा पकडल्याच्या बातम्या आपण नेहमी छापता. पण कधीकधी एकाच खेपेवरून दोन जिल्ह्यांत दोन खटले उभे राहतात आणि त्यांतल्या शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे बातमीत तर नसतेच, निकालपत्रातही प्रत्येक वेळी सापडत नाही. न्यायालयात लिपिक म्हणून आयुष्य गेल्याने मला हे फार लागते.

गेल्या महिन्यात मध्यवर्ती कारागृहाजवळच्या चहाच्या टपरीवर एका बाईंनी पदराखालच्या पिशवीतून घडीवर फाटत आलेले दोन आदेश काढून माझ्यापुढे धरले. “भाऊ, माह्या पोराले दहा वर्सं का वीस?” दोन्ही खटल्यांत गांजा २० किलोंहून अधिक, म्हणजे एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या भाषेत व्यावसायिक प्रमाणात, म्हणून दोन्हींत किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. दुसऱ्या आदेशात पहिल्या शिक्षेचा उल्लेखच नव्हता. एकाच खटल्यात अनेक शिक्षा झाल्यास त्या कशा भोगायच्या हे सांगणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ ने आता न्यायालयावर बंधनकारक केले आहे. पण खटले वेगळे असले की कलम ४६७ लागते, आणि न्यायालयाने काही म्हटले नाही तर दुसरी शिक्षा पहिली संपल्यावरच सुरू होते. मला त्यांना ‘वीस’ असे सांगावे लागले. दंड न भरल्याची कैद त्याहून निराळी.

मी सवलत मागत नाही. हेरॉइनच्या दोन स्वतंत्र व्यवहारांतील १२ आणि १५ वर्षांच्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एकामागून एकच ठेवल्या, ते योग्यच झाले. मात्र व्यवहार दोन होते की एकाच व्यवहाराचे दोन तुकडे, हे ठरवायला आधीचा निकाल न्यायालयापुढे असावा लागतो. शिक्षा होऊनही पुन्हा तोच धंदा करणाऱ्याला एनडीपीएसच्या कलम ३१ खाली दीडपटीपर्यंत शिक्षा देता येते. तीसुद्धा आधीच्या निकालावाचून कशी देणार? म्हणून शिक्षेवरील सुनावणीपूर्वी त्या निकालाची प्रमाणित प्रत सरकारी वकिलांनी दाखल करावी, बचाव पक्षानेही ती मागावी, आणि शिक्षा एकत्र किंवा वेगळ्या का, याची कारणे आदेशात नोंदवली जावीत.

वकील लावण्याची ऐपत असलेले उच्च न्यायालयाच्या खंडपीठात दाद मागतात. त्या बाईंना मी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा उपसमितीकडे जायला सांगितले आहे. दोन्ही आदेशांच्या छायाप्रती त्यांनी सोबत नेल्या आहेत.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, नागपूर