फियाट विकू नका, बाबा

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आई, फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला तो हीटरच्या कोरड्या हवेमुळे, ताप वगैरे काही नाही.

बाबा, "गिऱ्हाईक आलंय, फियाट देऊन टाकू का?" हे तुम्ही सहज विचारलंत आणि लगेच विषय बदललात, म्हणून लिहितेय. देऊ नका. मी गाडीची दुरुस्ती अर्धवट टाकून गेले असं काका म्हणतात. मी नोकरीसाठी आले, गाडी सोडून नाही. जाम झालेल्या इंजिनात प्लगच्या भोकांतून आपण डिझेल सोडत होतो आणि एका संध्याकाळी इंजिन फिरवायचं हँडल बोटभर हललं, तेव्हा तुम्ही आईला हाक मारून बाहेर बोलावलंत. ते काय मी विसरेन?

इथे जर्मनीत एक अजब प्रकार आहे. शेजारच्या आजोबांच्या जुन्या गाडीच्या नंबरप्लेटवर कडेला वर ०४ आणि खाली १० असं छापलंय. मला वाटलं, मालिका असेल. ते निघाले महिने! ती गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर येणार. नोव्हेंबर लागला की चालवायची नाहीच, रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करायची नाही. करही तेवढ्याच महिन्यांचा. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्रा सडतो, म्हणून जुन्या गाड्या आत ठेवलेल्याच बऱ्या. शिवाय ३० वर्षांवरची आणि मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर नंबरच्या शेवटी 'एच' मिळतो, म्हणजे ऐतिहासिक गाडीची खूण.

आपल्याकडेही २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' हा व्हिंटेज गाड्यांचा नंबर मिळतो. आपली १९७४ची, म्हणजे बसते त्यात. पण त्या नंबरावर रोज फिरवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच बाहेर काढायची. तुम्हाला तर आईला शेजारी बसवून फिरायचंय. आपल्याला साधी नोंदणीच बरी.

माझ्यासाठी अडून राहू नका. पत्र्याचं काम आत्ताच करून घ्या. ड्रायव्हरच्या पायाखालचा सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला सांगा. गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरू देऊ नका. वरून गुळगुळीत दिसतं, पण आतून गंज पत्रा खातच राहतो. ब्रेकचे व्हील सिलिंडर चारही चाकांचे एकदम उघडा. इंजिन मात्र मी आल्यावर. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, ज्यांत फिरतो त्या तिन्ही मेन बेअरिंगच्या कॅप मी पंचने खुणा करून डब्यात ठेवल्यात. त्या आपापल्या जागीच बसल्या पाहिजेत, उलटसुलट झाल्या तर क्रँक धरेल, फिरणारच नाही. डबा कुणालाही उघडू देऊ नका.

पत्र्याच्या कामाचे पैसे खात्यात टाकलेत. एफडी मोडायची नाही. आई, हे घरखर्चातले नाहीत, ते दर महिन्याला येतात तसे येतीलच, आणि मी इथे पोटाला चिमटा काढून पाठवत नाहीये.

स्थळाचं म्हणशील तर बोलले मी त्याच्याशी. माणूस सरळ वाटला. पण त्याला कायमचं इकडेच राहायचंय आणि तुम्हा दोघांना सोडून तसं ठरवणं मला जमत नाही. त्यांना इतक्यात होकारही कळवू नकोस, नकारही. मे महिन्यात रजा टाकलीय, समोरासमोर बसून बोलू. गेल्या वर्षीसारखी या वेळी रद्द होणार नाही, साहेबांकडून लिहून घेतलंय.

बाबा, गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून सांगा.

तुमची लेक