चाचा, एकही बोल्ट न खोलता तुम्ही गाडी बरी केलीत

चाचा, सलाम.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, असं धरून चाललोय. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण त्या दिवशी तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात माझ्या गाडीतला दोष शोधून दिल्यावर "किती झाले?" विचारलं तर "मीटर लावायचे काय पैसे घ्यायचे बाळा" म्हणून तुम्ही पुढच्या रिक्षाकडे वळलात आणि मला धड आभारही मानू दिले नाहीत.

गाडीला वर्षही झालं नव्हतं. अण्णांना रेडिएशनसाठी परभणीहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात न्यावं लागायचं, त्यासाठीच घेतली होती. जिंतूर, मंठा, जालना असा रस्ता. कधी मंठ्याच्या अलीकडे, कधी पलीकडे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटायचे, स्टेअरिंग जड व्हायचं आणि गाडी थांबवली की सेल्फ घ्यायची नाही. अर्धा तास उभी राहून थंड झाली की चालू. मागच्या सीटवर अण्णा उशीला टेकून डोळे मिटून बसायचे. एका शब्दानं बोलायचे नाहीत, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

सर्व्हिस सेंटरात दर वेळी काहीतरी नवं निघायचं. बॅटरी बदलली. एक सेन्सर बदलला, मग दुसरा. सॉफ्टवेअर अपडेट केलं. स्कॅनरवर दोषाचा जो कोड दिसेल तो पार्ट बदलायचा आणि जॉबकार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहायचं, 'ट्रायल घेतली, दोष आढळला नाही'. वॉरंटीत असल्यानं पैसे लागले नाहीत, पण अण्णांच्या तारखा थोड्याच थांबणार होत्या? भाड्याची गाडी करून जावं लागलं.

वसमत रोडवरच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं तुमचं दुकान सांगितलं. तुम्ही आधी बॉनेट उघडलंच नाही. स्टूल पुढं सरकवलं आणि विचारत बसलात. दिवे कधी लागतात? गाडी गरम झाल्यावर की थंड असताना? खड्ड्यातून गेल्यावर का? आजवर कोणी एवढं विचारलंच नव्हतं. मग म्हणालात, "पहले नापते, फिर बोलते."

बॅटरी मोजली, 12.6 व्होल्ट. इंजिन चालू करून मोजलं, 14 च्या आसपास. दोन्ही ठणठणीत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवून मला सेल्फ मारायला लावलात. तिथं अर्ध्या व्होल्टाच्या आत दिसायला पाहिजे होतं, आकडा एकाच्या वर गेला. तुम्ही जम्पर केबल घेऊन निगेटिव्ह आणि इंजिन जोडलंत, आणि गाडी एका झटक्यात चालू. दिवेही गेले.

अर्थिंग! इंजिनकडून बॉडीला जाणारी पट्टी नीट टेकत नसेल तर करंटला परतीची वाट मिळत नाही. मग सेन्सरही चुकीचं सांगायला लागतात, आज एक, उद्या दुसरा. म्हणून दर वेळी वेगळा कोड येत होता. हे तुम्ही मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं समजावलंत.

आणि इथंच माझ्या मनात तुमच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. पाना समोर होता, दहा मिनिटांचं काम होतं. मी म्हणालोही, "चाचा, करून टाका." तुम्ही ऐकलं नाहीत. बाहेर बोल्ट खोलला तर उद्या कंपनी वॉरंटीवरून हात वर करेल, त्यांच्याकडूनच करून घे म्हणालात. मीटरचा व्हिडिओ काढायला लावलात, कुठं मोजायचं ते कागदावर लिहून दिलंत. तक्रार जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहून घे, जुनी सगळी कार्डं माग, तोंडी काही ऐकू नकोस, हेही बजावलंत.

नाहीच ऐकलं तर 1915 ला फोन कर, असंही म्हणाला होतात. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. घरी येऊन मी बाकीचं वाचलं: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. पण तिथंही कागदच बोलतो. ज्यांची नवी गाडी अशी वारंवार वर्कशॉपात जातेय, त्यांनी निदान जॉबकार्डं तरी फेकू नयेत.

माझ्यावर ती वेळ आली नाही. सर्व्हिस सेंटरात आधी टाळाटाळ झाली, पण तुमचा कागद पाहून तिथल्या एका तरुण मेकॅनिकनं स्वतः मीटर लावलं. पट्टीचा बोल्ट खोलला, तर खाली बॉडीवर रंगाचा थर तसाच. घासून लोखंड मोकळं केलं, नवी पट्टी बसवली. त्या पोराचेही आभार.

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. अण्णांचे उरलेले सगळे शेक वेळेवर झाले. आता तपासणीपुरतं जावं लागतं, तेव्हा ते पुढच्या सीटवर बसतात.

चाचा, वॉरंटी संपली की या गाडीचं वायरिंगचं सगळं काम तुमच्याकडेच आणणार आहे. तेव्हा मात्र पैसे घ्यावे लागतील.

तुमचा,
परभणीचा एक गाडीवाला