सुहासला पत्र : नोंदणी या आठवड्यातच कर

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तू आणि माधवी वहिनींनी मूल दत्तक घ्यायचे ठरवले, हे वाचून शुभांगीने ते पत्र माझ्याकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेतले. उपचारांच्या चक्रात तुम्ही दोघांनी काय सोसले ते आम्ही जवळून पाहिले आहे, तेव्हा आम्हाला किती आनंद झाला हे वेगळे सांगायला नको. परंतु पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की, ओळखीतला एक माणूस एका प्रसूतिगृहातून महिन्याभरात तान्हे बाळ मिळवून देतो, नोटरीपुढे कागद करू म्हणतो आणि त्यासाठी 'खर्च' सांगतो. आधी त्याविषयीच लिहितो. त्या माणसाला आजच नकार कळव.

तो ज्या १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा आधार सांगतो, त्या कायद्यानेही दत्तकाच्या बदल्यात पैसे देणे-घेणे हा गुन्हाच आहे. अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईवडिलांनी स्वाधीन केलेल्या मुलासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्यातली पद्धत डावलून असे मूल घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलाच्या खरेदी-विक्रीला त्याहून कडक शिक्षा आहे. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या आईचे ते बाळ आहे, ती कोणत्या अवस्थेत ते देते आहे, हे त्या व्यवहारात कोणीच विचारत नाही. कायद्याच्या मार्गाने तिला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, यावे लागते, तिचे समुपदेशन होते आणि बाळ स्वाधीन केल्यावरही फेरविचारासाठी तिला ६० दिवस मिळतात. कुठेतरी सापडलेल्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांचा शोध घेतला जातो आणि त्यानंतरच समिती ते मूल दत्तकासाठी मोकळे झाल्याचे जाहीर करते. लोक ज्याला सरकारी दिरंगाई म्हणतात, तिचा बराचसा भाग म्हणजे त्या मुलाला आणि त्याच्या आईला दिलेला अवधी असतो. तुमच्या मुलाने मोठेपणी विचारले, तर तुम्हाला मान वर करून सगळे सांगता आले पाहिजे.

आता सुरुवात कशी करायची ते सांगतो. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ज्याला सगळे 'कारा' म्हणतात, त्याच्या पोर्टलवर तुम्ही दोघांनी घरबसल्या नोंदणी करायची. पॅन कार्ड, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि दोघांचा एकत्र फोटो ही कागदपत्रे आधीच स्कॅन करून ठेव, कारण प्रतीक्षायादीतला तुमचा क्रम कागदपत्रांसह नोंदणी पूर्ण झाल्याच्या तारखेवरून लागतो. विवाह प्रमाणपत्रावर वहिनींचे माहेरचे नाव आणि पॅनवर सासरचे, असा फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. पोर्टल अडले तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, तिथे मदत मिळते.

एका गोष्टीवर मात्र तुम्हाला शांतपणे बोलावे लागेल. नियमाप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज जास्तीत जास्त ८५ असावी लागते. तू ४४ वर्षांचा, वहिनी ४२ च्या. बेरीज ८६ होते. म्हणजे तुम्हाला तान्हे बाळ मिळणार नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९० आहे, चार ते आठ वर्षांसाठी १०० आणि त्यापुढे ११०. त्या मध्यस्थाकडे तुमचे मन वळले त्यामागे हेच कारण असावे असे मला वाटते, आणि त्यात अस्वाभाविक काही नाही. पाळणा, अंगाई, पहिले पाऊल, हे सगळे वहिनींनी किती वर्षे मनात जपले आहे! तरीही मी आग्रहाने सांगतो, की थोड्या मोठ्या मुलाचा विचार दुधाची तहान ताकावर म्हणून करू नका.

आमची लेक ईरा दत्तक म्हणून घरी आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. दत्तक संस्थेत रोज संध्याकाळी मुले आपापल्या चपला भिंतीशी एका ओळीत लावत. घरी आल्यावरही तिन्हीसांजेला ती दाराशी बसून आमच्या सगळ्यांच्या चपला ओळीने लावू लागली. पाहुणा आला तर त्याच्याही. पहिले काही आठवडे ती कशासाठीही हट्ट करत नसे, आणि आम्हाला ते मूल गुणी वाटले. संस्थेच्या समाजकार्यकर्तीने समजावले की, ती अजून पाहुण्यासारखी वागते आहे. ती रुसू लागली, रडून मागू लागली की घर तिचे झाले असे समजा. पुढे एके दिवशी भेंडीच्या भाजीवरून तिने ताट ढकलून आकांडतांडव केले, तेव्हा शुभांगी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडली. पहिले पाऊल आम्ही पाहिले नाही, हे खरे. पण हे पाहिले.

नोंदणीनंतर समाजकार्यकर्ती गृह अध्ययनासाठी घरी येईल. ही परीक्षा आहे असे समजून घराला रंग काढायची गरज नाही. ती तुमच्याशी एकत्र बोलेल, वेगवेगळेही बोलेल, तुमच्या घरातल्या माईंशीही बोलेल. दोघे नोकरीवर गेल्यावर मूल कोणाजवळ राहील, तुमचे आजारपण आले तर त्याला कोण पाहील, दत्तक असल्याचे त्याला कधी आणि कसे सांगाल, असे प्रश्न येतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आतापासून एकच ठेवा : पहिल्या दिवसापासून, गोष्टीसारखे. शेजारणीच्या तोंडून कळावे, अशी ही बाब नव्हे.

गृह अध्ययनाचा अहवाल तीन वर्षे ग्राह्य असतो आणि थांबावे लागेल याची मनाची तयारी ठेवा, कारण मूल हवे असणारी कुटुंबे दत्तकासाठी मोकळ्या मुलांच्या मानाने कितीतरी जास्त आहेत. तुमचा क्रम आला की पोर्टलवर मुलाचा फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल दिसतील, आणि ४८ तासांत ते मूल तुमच्यासाठी राखून ठेवायचे असते. तुमच्या विश्वासातला बालरोगतज्ज्ञ आधीच बघून ठेवा, त्याला अहवाल दाखवता येतात. मग संस्थेत भेट, दत्तक समितीशी बोलणे, आणि दत्तकपूर्व संगोपनासाठी मूल घरी. आमच्या वेळी आदेशासाठी न्यायालयात जावे लागे; १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते. त्या भेटींचा आम्हाला त्रास कधीच वाटला नाही, उलट विचारायला हक्काचे माणूस मिळाले.

राहता राहिल्या माई. 'कोणाचे रक्त असेल कोण जाणे' हे त्यांचे वाक्य तू लिहिले आहेस, त्यावर रागावू नकोस. त्या वारकरी घरातल्या, सावित्रीबाईंविषयी त्यांना किती आदर आहे ते मला ठाऊक आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. हे त्यांना तू सांग, वाद घालण्याच्या सुरात नव्हे, जवळ बसून. आणि पुढच्या महिन्यात त्यांना घेऊन दोन दिवस आमच्याकडे या. ईरा आता शाळेतले पाढे कोणालाही धरून म्हणून दाखवते. माईंची तिच्यापासून सुटका नाही.

गृह अध्ययनाच्या वेळी तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांची नावे मागतील, त्यात माझे आणि शुभांगीचे नाव बेलाशक दे. नोंदणी क्रमांक मिळाला की त्याच दिवशी कळव. कागदपत्रांत कुठे अडलास तर रात्री नऊनंतर फोन कर, तेव्हा मी मोकळा असतो. माईंना नमस्कार, वहिनींना शुभांगीचा विशेष निरोप की त्यांनी तिला स्वतंत्रपणे फोन करावा, तिला त्यांच्याशी बरेच बोलायचे आहे.

तुझा,
अनिरुद्ध