दुसऱ्याला वाचता येईल असा कोड शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या इंजिनीअरिंगच्या शिक्षकांना आपल्या पत्रातून एक विनंती करायची आहे. मी देवगडला घरूनच वाय-फाय ड्रायव्हरचं, म्हणजे संगणकातलं वाय-फाय कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासण्यात त्यातला बराच वेळ जातो.

गेल्या पावसाळ्यात एका नवीन मुलाने केलेला बदल माझ्याकडे आला. एकच फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), अडीचशे ओळींचं. चॅनल बदलणं, पॉवर सेव्ह (वीज वाचवायला कार्ड झोपवणं), फर्मवेअरला म्हणजे कार्डातल्या प्रोग्रॅमला कमांड, सगळं त्यातच. जिथून ते कॉल केलेलं, म्हणजे कामाला बोलावलेलं, तिथे कंसात पर्याय म्हणून नुसतं ट्रू, फॉल्स, ट्रू (हो, नाही, हो). कुठला ट्रू कशाचा हे बघायला दर वेळी फाइलच्या दुसऱ्या टोकाला जायचं. एका ठिकाणी पहिल्या दोघांची अदलाबदल झाली होती. कंपायलरच्या (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी दोन्ही बूलच, म्हणजे हो-नाहीच, तो कशाला बोलतोय! माझ्याही नजरेतून ती सुटली. मग व्हिडिओ कॉल चालू असतानाच कार्ड झोपायला लागलं. कार्ड झोपलं की राउटर त्याची पॅकेट्स अडवून ठेवतो आणि पुढच्या बीकनमध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने तो पाठवतो त्या संदेशात, तसं कळवतो. बीकन येतो साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी. तेवढ्यात आवाज तुटतो. कारण शोधण्यात माझे चार दिवस गेले.

मग आम्ही दोघांनी बसून ते फंक्शन फोडलं. पॉवर सेव्ह चालू करणारं एक, बंद करणारं दुसरं. पर्याय जिथे लागलेच, तिथे इनम, म्हणजे ट्रू-फॉल्सऐवजी नाव असलेले पर्याय. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कोडिंग स्टाइलमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमांत, हे लिहिलेलंच आहे: फंक्शनने एकच काम करावं, ८० अक्षरं बाय २४ ओळींच्या एक-दोन स्क्रीनमध्ये मावावं, लोकल व्हेरिएबल्स (त्या फंक्शनपुरती नाव दिलेली मूल्यं) ५ ते १० च्या वर जाऊ नयेत. नाव आज्ञार्थी असेल तर एरर कोड (चुकीचा आकडा; शून्य म्हणजे चूक नाही) परत द्यावा, प्रश्नासारखं असेल तर हो किंवा नाही (इथे शून्य म्हणजे नाही). मला हा शेवटचा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो. तो मोडला की शून्य म्हणजे काम झालं की फसलं, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

आमच्याकडे आंब्याच्या पेटीवर किती डझन ते बाहेरूनच लिहितात. वाशीला कुणी पेटी उघडून मोजत बसत नाही.

मुलगा हुशार आहे. पण चार वर्षांत त्याचा कोड कुणी वाचलाच नव्हता. आउटपुट आलं की जर्नलवर सही. प्रॅक्टिकलच्या गुणांपैकी थोडे तरी यासाठी राखून ठेवा. एका तासाला मुलांनी फाइली अदलाबदल करायच्या आणि समोरच्याचं फंक्शन काय करतं ते सांगायचं. चालवून नाही, नुसतं वाचून.

आपली,
एक वाचक, देवगड