राखणीची बंदूक

फोर्ट बेंड काउंटी, टेक्सास
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "घेतलंस मां?" आणि मी हो म्हणतोय तोच आई मागून "काय घेतल्यान?" करत आली. तुम्ही "फ्रीज" म्हणून वेळ मारून नेलीत. आता तिला फ्रीजचा फोटो पाठवावा लागणार, ते वेगळंच. म्हणून हे पत्र. वृषालीची मैत्रीण दिवाळीला कुडाळला निघाली आहे, तिच्या हाती देतो आहे. वाचून झालं की पंचांगात ठेवू नका, पंचांग आई रोज उघडते.

बंदुकीची गरज काय होती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार. जुलैत वादळ आलं तेव्हा "सगळे बरे आहोत" एवढंच कळवलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. ८ जुलैला बेरील चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं आणि ह्युस्टनच्या भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तीही ऐन उकाड्यात. आमच्याकडे सहा दिवस अंधार होता. तिसऱ्या रात्री मी कामावर अडकलो होतो. अडीचच्या सुमारास वृषालीला परसात खुट्टखुट्ट ऐकू आलं. जनरेटर साखळीने खांबाला बांधला होता आणि कोणीतरी ती साखळी कापत होतं. तिने इराला उठवलं, दोघी न्हाणीघरात कडी लावून बसल्या, पोलिसांना फोन केला. शेरीफचा माणूस यायला चाळीस मिनिटं लागली. त्या रात्री सगळीकडूनच फोन चालू होते, त्याला दोष देत नाही. तोपर्यंत साखळी अर्धी कापून तो इसम निघून गेला होता. वृषालीच्या हातात इराची बॅट होती. बाकी काही घडलं नाही. पण ती चाळीस मिनिटं आमच्या घरातून अजून गेलेली नाहीत.

आता एक गोष्ट आधीच लिहून टाकतो. इथला कायदा घरात घुसलेल्यापुढे माघार घ्यायला सांगत नाही. इतकंच नाही, टेक्सासात रात्रीची चोरी थांबवायलासुद्धा काही अटींवर जिवावर बेतेल असं बळ वापरता येतं. शेजारचे गृहस्थ मला हे अगदी उत्साहाने समजावत होते. त्यांना म्हटलं नाही, तुम्हाला म्हणतो: जनरेटर सातशे डॉलरचा. त्याच्यासाठी मी बंदूक उचलणार नाही आणि वृषालीही नाही. कोणी घेऊन जात असेल तर जाऊ दे. ही बंदूक परसाची राखण करायला नाही, वरच्या मजल्यावरच्या एका दाराच्या आतली आहे. ते दार फोडून कोणी आत आलं तरच.

तुमच्या बंदुकीचं काम नेमकं उलटं. वानरं माडात शिरली, डुकरं भुईमुगात उतरली की तुम्ही हवेत एक बार काढता आणि आवाजाने काम होतं. इथे आवाजासाठी बार काढायचाच नाही. वर गेलेला छर्रा कोणाच्या अंगणात पडेल त्याची जबाबदारी माझी.

विकत घ्यायला मी आत्ताच पात्र झालो, हेही गंमतीचं. एच-वन व्हिसावरच्या माणसाला इथे साधारणपणे बंदूक ठेवता येत नाही. पण त्याने शिकारीचा परवाना काढला तर ठेवता येते! ग्रीन कार्ड मिळाल्यावर ती अडचण उरली नाही. दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरला, दुकानदाराने एफबीआयच्या यंत्रणेकडे नाव तपासायला टाकलं आणि दहा मिनिटांत "जा घेऊन" असं उत्तर आलं. तुमचं परवान्याचं नूतनीकरण, तलाठी, पोलीस पाटील, तहसील, ठाणं, ते सगळं डोळ्यापुढून गेलं. एवढं सोपं असावं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सोपं होतं म्हणून मीही घेतली, हेही तितकंच खरं.

बरं, आता कोणती, ते. तुम्हाला त्यातच रस असणार.

पिस्तूल नको हे आधीच ठरलं. घाबरलेल्या हाताने पिस्तुलाचा नेम धरायला जेवढा सराव लागतो तेवढा आमच्याकडून होणार नाही. बारा बोअर दोघांच्याही ओळखीची होती, निदान माझ्या. एक रत्तल शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक जिच्या नळीत बसतो ती बारा बोअर, हे तुम्हीच पडवीत बसून सांगितलं होतंत. इथे तिला बारा गेज म्हणतात.

मला वाटत होतं पंपाची घ्यावी, म्हणजे प्रत्येक बारानंतर नळीखालची मूठ हाताने मागे-पुढे सरकवायची. स्वस्त, काहीही काडतूस चालतं, बिघडायला आत फारसं काही नाही. सरावाच्या मैदानावर भाड्याने घेतली. वृषालीने दहा बार काढले आणि दोनदा पंप अर्ध्यावरूनच पुढे ढकलला. रिकामं काडतूस तोंडाशी अडकलं, बंदूक ठप्प. ते भर दुपारी, समोर कागद, मागे शिकवणारा असताना. रात्री अडीचला काय झालं असतं? म्हणून अर्धस्वयंचलित. चाप एकदा ओढला की बार एकच, पण रिकामं काडतूस फेकून पुढचं आत घेण्याचं काम बंदूक आपलं आपण करते. ही काही नवलाई नाही. जॉन ब्राउनिंगने तशी बंदूक जुळवली होती आणि बेल्जियममध्ये १९०२ पासून ती बनत होती.

यात दोन घराणी. एक धक्क्यावर चालणारं, बेनेली कंपनीची एम२ वगैरे. बार झाला की अख्खी बंदूक मागे सरकते, आतला जड तुकडा मात्र जागच्या जागी राहू पाहतो, त्याने स्प्रिंग दबते आणि ती उलटून पुढचं काम करते. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभा माणूस पुढे जातो ना, तसलाच प्रकार. धूर आत येत नाही, म्हणून आतून स्वच्छ राहते. पण खांद्याला नीट टेकवली नाही आणि काडतूस हलकं असलं तर अडू शकते. दुसरं घराणं गॅसचं. नळीला बारीक भोकं असतात, त्यातून बार उडाल्यावरचा थोडा वायू निघून दट्ट्या मागे ढकलतो. काजळी धरते, वरचेवर पुसावी लागते, पण खांद्याला धक्का सौम्य लागतो. वृषालीने दोन्ही वाजवल्या आणि दुसरी खाली ठेवतानाच म्हणाली, ही. माझा महिन्याभराचा अभ्यास तिने दहा मिनिटांत संपवला.

बेनेलीची एम४ हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू. अमेरिकेच्या मरीन सैन्याने १९९९ मध्ये निवडलेली, तीही गॅसवर चालणारी. परत द्यायला मन होईना. पण किंमत दोन हजार डॉलरच्या घरात, वजन साडेतीन किलो, आणि मला लढाईवर जायचं नव्हतं, जिन्यापर्यंत जायचं होतं. बेरेटा कंपनीची १३०१ हलकी, तीन किलोच्याही आत, तीही दीड हजाराच्या पुढे. दुकानात स्वस्त मालाचीही मोठी रांग होती, दिसायला सगळ्या सैन्यातल्या. त्यातली एक भाड्याने घेतली तर पंचवीसात चार वेळा काडतूस अडकलं. नाव घेत नाही.

शेवटी बेरेटाचीच ए३०० अल्टिमा पेट्रोल घेतली. इटालियन कंपनी, पण ही इथेच टेनेसीत बनते. अकराशे डॉलरच्या आसपास. निवडली ती दस्त्यासाठी, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागासाठी. दस्ता आखूड आहे. दुकानातल्या बहुतेक बंदुका सहा फुटी माणसाच्या मापाने केलेल्या. वृषालीने खांद्याला लावल्या की हात पुढे पोचत नाही, मग ती पाठ मागे झुकवून उभी राहते आणि तोल गेलेलाच असतो. हिच्यात ती सरळ उभी राहिली. दुकानदार मला पुढची नवी मॉडेलं दाखवत राहिला, पण पाहायची होती तिची कोपरं. नळी एकोणीस इंच आणि वर थोडी. तिकडे वीस इंचांहून आखूड नळीची बंदूक साध्या परवान्यावर मिळत नाही, अर्धस्वयंचलित तर नाहीच, म्हणजे ही दोन्ही हिशोबांनी तुमच्या कपाटात बसायची नाही. इथे मर्यादा अठरा इंच.

आता भिंतींचं. खरं डोकं यात गेलं.

आपल्या घराची भिंत चिऱ्याची. या पडवीतला बार त्या माजघरात जायची भीती नाही. इथे माझ्या घराची आतली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचे जिप्समचे दोन तक्ते आणि मध्ये साडेतीन इंच पोकळी. मी चुकून खुर्ची आपटली तेव्हा भोक पडलं होतं, तुम्ही फोटोत पाहिलंय. तिकडे ज्याला एलजी-एसजी म्हणतात त्या जातीचं काडतूस इथे डबल-झिरो या नावाने मिळतं. आत आठ किंवा नऊ गोळ्या, प्रत्येकी साधारण साडेआठ मिलिमीटर. नेम चुकला तर त्या गोळ्या असल्या भिंती एकामागून एक पार करतात. पाखरांचे बारीक छर्रे भरले तर भिंतीत लवकर दमतात, पण मग समोरचा माणूसही थांबेल याचा भरवसा नाही. जे माणसाला थांबवतं ते भिंतीने थांबत नाही. यातून पळवाट विकत मिळते असं सांगणारे पुष्कळ भेटले, मला कोणाचं पटलं नाही.

आणि छर्रे खोलीभर पसरतात, नेम धरावाच लागत नाही, हेही खोटं. मी आमच्या वरच्या बोळाचं अंतर मोजलं, सात मीटर. तेवढ्यावर कागद लावून पाहिला. सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. म्हणजे नळीच्या टोकाची माशी निशाण्यावर धरून नेम घ्यायचाच.

मग एका रविवारी कागदावर घराचा नकाशा काढला. आमच्या खोलीच्या दारातून बोळाकडे रेघ ओढली. रेघ जिन्यावरून जाऊन पलीकडच्या भिंतीला लागली. त्या भिंतीमागे इराचा पलंग.

अप्पा, मी बराच वेळ तो कागद घेऊन बसलो होतो. पैसे भरले होते, बंदूक आणायची तेवढी बाकी होती. दुकानात फोन करून आठवडाभर थांबायला सांगितलं आणि खोल्या बदलल्या. इरा आता आमच्या पाठीमागच्या, कोपऱ्यातल्या खोलीत झोपते, तिच्याकडे जायचं दार आमच्याच खोलीतून. पलीकडच्या खोलीत माझं टेबल आणि पुस्तकांची दोन जड कपाटं त्या भिंतीला लावली. इराला सांगितलं, नवीन खोलीतून झाड दिसतं म्हणून. तिला ते पटलं. रात्री काही झालं तर कोणीही खाली उतरायचं नाही, आत यायचं, दार लावायचं, फोन करायचा, हेही ठरलं. घर शोधत फिरायचं काम पोलिसांचं.

काडतुसं कमी जोराची घेतली. नेहमीच्यांचा वेग सेकंदाला तेराशे फुटांच्या पुढे, ही साडेअकराशेच्या आसपास. अर्धस्वयंचलित बंदुकीला हलकं काडतूस मानवेलच असं नाही, म्हणून साधी शंभर आणि ही पंचवीस वाजवून पाहिली. एकदाही अडली नाही. खांदा दोन दिवस दुखत होता, माझा. वृषालीचा नाही.

बंदूक लोखंडी कपाटात असते, बटणांचा आकडा दोघांनाच माहीत. भरलेली असते ती नळीखालच्या नळकांड्यात, नळीच्या मागच्या तोंडात काडतूस नसतं. सुरक्षेचा खटका लावला की चाप अडतो एवढंच. बंदूक पडली-आपटली तर बार होणारच नाही याची हमी खटका देत नाही. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर इथे मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पण खरं सांगायचं तर त्या कायद्यापेक्षा मला तुमची थप्पड जास्त आठवते. मी सातवीत होतो. ट्रंकेतून लाल काडतूस काढून त्याच्याशी खेळत होतो, आणि तुम्ही काही न बोलता कानाखाली दिलीत. नंतर संध्याकाळी पडवीत म्हणालात, "बंदूक कधी रिकामी नसता." इराला बंदूक दाखवून तेच वाक्य तसंच मालवणीत सांगितलं. ती म्हणाली, "'नसता' म्हणजे?" अर्थ सांगितला. आता मैत्रिणीकडे खेळायला जायच्या आधी त्यांच्या घरी बंदूक आहे का आणि कुलपात आहे का, हे आम्ही विचारतो. पहिल्यांदा फार अवघड गेलं. समोरच्या बाईंना मात्र त्यात काहीच वाटलं नाही, त्यांनी कपाट दाखवलं.

हवा इथलीही आपल्यासारखीच दमट. नळीला गंज धरू नये म्हणून तुम्ही काय लावायचात? खोबरेल एवढंच आठवतंय, पण त्यात आणखी काही मिसळायचात का? इथलं तेल आहेच, तरी विचारतो.

आणि एक. तिकडे विधानसभेची आचारसंहिता लागली असं वाचलं. म्हणजे तुमची बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली. इथेही ५ नोव्हेंबरला मतदान आहे, आणि दुकानात काडतुसांची फळी अर्धी रिकामी होती. निवडणूक आली की इथले लोक बंदुका घ्यायला धावतात. तुम्ही स्वतः मोटारसायकलवरून घेऊन जाऊ नका, गुडघा अजून बरा नाही. बाबल्याला रिक्षा घेऊन बोलवा. आणि मागच्या वेळची पावती हरवल्याने परत मिळायला दीड महिना लागला होता, तेव्हा या वेळी पावतीचा फोटो काढून मला पाठवा. आईच्या फोनवरून नको.

तुमचा,
बाळू