सल्ला मागच्या चाकांच्या गाडीचा, गाड्या आपल्या पुढच्या चाकांच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून थोडं अंतर सरळ रेषेत पळायच्या शर्यतीसाठी, गाडी कशी तयार करावी यावर लेख होता. तो छापून आल्यापासून तीन पोरं माझ्या गॅरेजला येऊन गेली. तिघांचं म्हणणं एकच : "काका, पुढचे शॉकअप सैल करून द्या, पेपरात आलंय." म्हणून हे पत्र. मी १९९३ पासून अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम करतो, आधी मिरजेत उस्तादांच्या हाताखाली आणि पुढं सांगलीत स्वतःचं.

लेखात सांगितलंय की पुढची स्प्रिंग मऊ ठेवा आणि शॉकअप असा लावा की तो सहज उघडेल, पण दबताना सावकाश दबेल. गाडी सुटताना नाक उचललं जाईल, वजन मागं जाईल. यातलं काही खोटं नाही, पण हे सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना मिळतो अशा गाडीचं आहे. अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या इंजिनांच्या गाड्या तशा असतात, त्यांच्यासाठी तिकडं ९०/१० नावाचे शॉकअप मिळतात. आपल्याकडं पद्मिनी, कॉन्टेसा, ओम्नी या मागच्या चाकांच्या. पोरं मात्र झेन, एस्टीम, स्विफ्ट, पोलो घेऊन येतात, आणि या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. अशा गाडीचं नाक उचललं की ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावरचंच वजन निघून जातं. चाक जागेवर फिरतं, टायर जळतं आणि स्टीअरिंग हाताला झटके देतं. पुढच्या चाकांच्या गाडीला नेमकं उलटं करायचं असतं. मागची स्प्रिंग कडक ठेवायची, म्हणजे गाडी मागं बसत नाही. पुढचा शॉकअप उघडताना कडक ठेवायचा, म्हणजे नाक उठत नाही.

लेखात हा फरक एका ओळीनंही सांगितलेला नाही. त्याच्या जोडीला "गाडी जितकी खाली तितकी वेगवान" असंही वाक्य आहे. ते वाचून पोरं स्प्रिंगच कापतात.

तीन वर्षांपूर्वी तासगावकडचा एक मुलगा पांढरी एस्टीम घेऊन आला होता. कुठल्याशा गॅरेजात गॅस कटरनं पुढच्या स्प्रिंगचे दीड-दीड वेढे कापून घेतले होते. हातात अलाइनमेंटचा छापील कागद, सगळे आकडे हिरवे, म्हणजे मापात. तक्रार एवढीच, की दुसऱ्या गिअरला पूर्ण रेस दिली की गाडी उजवीकडं पळते. आपल्या रस्त्यावर उजवीकडं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर.

मी गाडी सपाट फरशीवर घेतली. मुलगा गाडीत बसणार, मग त्याच्या वजनासह मोजायला हवं. म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर ५० किलोचं हळदीचं पोतं ठेवलं आणि वर १५ किलोची वजनं. चारी चाकांत सारखी हवा भरली. दोन्ही बाजूंनी गाडीच्या मधल्या रेषेला समांतर असा सुतळीचा दोरा ताणला. उंची मोजली तर डावी बाजू उजवीपेक्षा ८ मिलिमीटर खाली. स्प्रिंग नजरेच्या अंदाजानं कापली की असंच होतं.

मग दोन्ही स्प्रिंगा काढून रिकामे शॉकअप परत बसवले आणि स्टीअरिंग सरळ बांधून टाकलं. हबला, म्हणजे चाक बसतं त्या भागाला, अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी बोल्टनं आवळली, लोअर आर्मखाली, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याखाली, जॅक लावला आणि चाक १०-१० मिलिमीटर खाली सोडत गेलो. दर वेळी पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून दोरा किती लांब ते वहीत लिहिलं. गाडी उभी असते त्या उंचीला टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळल्याचं माप, शून्य होता, म्हणजे तो हिरवा कागद खराच होता. पण ४० मिलिमीटर खाली गेल्यावर डावं चाक ३ मिलिमीटर आत वळलेलं आणि उजवं जेमतेम १. गाडी सुटताना नाक उठतं तेव्हा चाकं याच जागी येतात. डावं चाक जास्त आत म्हणजे त्याचं तोंड उजवीकडं, आणि गाडी तिकडंच जाणार. कारण साधं आहे. चाक वर-खाली होताना टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, एका गोलाईत फिरतो आणि लोअर आर्म दुसऱ्या. कंपनीनं त्या दोन गोलाया एका ठरावीक उंचीला जुळवलेल्या असतात. उंची बदलली की त्या जुळत नाहीत. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचे आकडे देतं, सुटलेल्या गाडीचे देत नाही.

कापलेल्या स्प्रिंगचा आणखी एक धोका आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग जास्त कडक होते, गॅसच्या आचेनं तिचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कस, उतरतं, आणि चाक पूर्ण लोंबलं की ती आपल्या वाटीतून सुटते. परत बसताना वाकडी बसते. एस्टीमच्या डाव्या वाटीवर तिच्या टोकाचा ओरखडा स्पष्ट होता.

त्या गाडीला मूळ मापाच्या अखंड स्प्रिंगा घातल्या, डाव्या लोअर आर्मचा फाटलेला बुश बदलला, मागं कडक स्प्रिंगा लावल्या. नाक ४० ऐवजी १५ मिलिमीटर उठू लागलं, आणि तेवढ्यात टोचा फरक दोन्हीकडं सारखा, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. टो एकूण १ मिलिमीटर बाहेर ठेवला, कारण पुढची चाकं जोर लावताना आत येऊ पाहतात. मागच्या चाकांच्या गाडीत पुढची चाकं नुसती ढकलली जातात आणि बाहेर उघडतात, म्हणून तिथं किंचित टो-इन देतात, म्हणजे चाकं आत वळवून ठेवतात. हाही फरक लेखात नाही. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन, जास्त असलं की गाडी सरळ रेषा धरते हे लेखात बरोबर आहे. पण पद्मिनीत शिमच्या पत्र्या घालून आम्ही जे जुळवायचो, ते या गाड्यांत कंपनीनं बसवून दिलेलं असतं. मिस्त्रीच्या हातात तेवढा टो राहतो. म्हणून बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड या सांध्यांत प्ले, म्हणजे ढिलाई, नाही ना, हे मशीन लावण्याआधी बघायचं. प्ले असताना केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते.

पोरांच्या हौसेला माझा विरोध नाही. ४०२ मीटर सरळ गाडी पळवणं ही कसबाची गोष्ट आहे. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत, आणि तिथं जाणाऱ्याची गाडी मी रात्र जागूनही लावून देईन. पण आपल्याकडं हे रात्री महामार्गावर चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तो गुन्हा आहे. बैलगाडा शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते, मैदान आखावं लागतं. आमच्या भागातल्या लोकांना ते अंगवळणी पडलंय. मोटारीच्या बाबतीत तसा विचार कुणी करत नाही याचं वाईट वाटतं.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी : तो सल्ला मागच्या चाकांच्या गाडीचा आहे, आणि स्प्रिंग कापू नये. आलेल्या तिघांच्या गाड्यांना मी अजून हात लावलेला नाही. एस्टीममधून काढलेल्या दोन्ही कापलेल्या स्प्रिंगा माझ्या फळीवर आहेत. एक दुसरीपेक्षा बोटभर आखूड आहे. छायाचित्रकार पाठवलात तर शेजारी-शेजारी ठेवून दाखवीन.

आपला,
एक अलाइनमेंट मिस्त्री, सांगली